पायांतील फुगलेल्या सिरा : प्रतिबंध दिनचर्येतून

तळेगाव दाभाडेच्या उत्तरेस, इंद्रायणीपलीकडे नवलाख उंबरे हे गाव आहे. या परिसरात प्रस्तुत लेखक गेली अठरा वर्षे चिकित्सा-व्यवसाय करीत आहे. या अवधीत गावाचे रूप पालटले. पूर्वी पावसाळ्यात भात आणि उरलेल्या दिवसांत गुरेढोरे एवढेच गावाचे जीवन होते. आता एका बाजूस औद्योगिक वसाहतीतील कारखाने, दुसऱ्या बाजूस गुलाबाची पॉलीहाऊस आणि उरलेल्या खाचरांत इंद्रायणी भाताची लावणी असे दृश्य दिसते. कामे निरनिराळी झाली, तरी एक गोष्ट समान राहिली. येथील माणूस दिवसाचे आठ-दहा तास उभा असतो. आवण्यात वाकून रोपे लावणारी स्त्री उभी, यंत्रापुढील कामगार उभा, गुलाब कापून त्यांच्या जुड्या बांधणारी मजूर उभी आणि या सर्वांना औषध देणारा दुकानदारही उभाच!

पायांवरील फुगलेल्या, वेड्यावाकड्या, निळसर सिरा (व्हेरिकोज व्हेन्स) हा विषय आपल्या नियतकालिकांतून पूर्वीही येऊन गेला आहे. तथापि बहुतेक लेखन रक्तमोक्षण, जलौकावचारण आणि निरनिराळे गुग्गुळ-कल्प यांविषयी असते. व्याधी होऊ नये, अथवा झालेला वाढू नये, यासाठी रुग्णाने दिवसभरात काय करावे हा भाग शेवटच्या दोन ओळींत ‘पथ्यापथ्य’ म्हणून उरकला जातो. मीही अनेक वर्षे तसेच करीत आलो. त्याची किंमत माझ्या एका रुग्णेला मोजावी लागली, ती हकीकत प्रथम सांगतो.

साधारण बेचाळीस वर्षांची ही स्त्री पॉलीहाऊसमध्ये कामास होती. संध्याकाळी पाय जड होणे, रात्री पोटरीत गोळे येणे, घोट्याभोवती सूज येणे आणि डाव्या पोटरीवर उठून दिसणाऱ्या सिरा अशी तिची लक्षणे होती. मी नाडी पाहिली, कोष्ठ विचारला, वातघ्न तेल व गुग्गुळ-कल्प दिला, आणि ‘फार उभ्या राहू नका’ असे सांगून पुढच्या रुग्णास आत बोलावले. ती किती तास उभी असते, मधे बसावयास मिळते किंवा नाही, काम करताना पाय हलतात की एकाच जागी खिळलेले असतात, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. बरे वाटले म्हणून तिने येणे बंद केले. दोन वर्षांनी ती आली तेव्हा डाव्या घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडून कडक झाली होती आणि तेथे रुपयाएवढा व्रण होता. तो भरून येण्यास सात महिने लागले. एके दिवशी पट्टी बांधून घेताना ती म्हणाली, “डॉक्टर, हे तेव्हाच नीट सांगितलं असतं तर मुकादमाकडं बसायला जागा मागितली असती की.” त्या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शास्त्रातील आधार

या व्याधीस संहितांतून एकच नाव मिळत नाही. सिरागत वात आणि सिराज ग्रंथी या दोन वर्णनांची सांगड घालून आपण त्याचा विचार करतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात सिरागत वाताची लक्षणे देताना मंद वेदना व शोथ सांगून सिरा बारीक अथवा मोठ्या होतात असे नमूद केले आहे. सुश्रुताचार्य निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात सिराज ग्रंथीचा हेतू सांगतात तो असा : दुर्बल मनुष्याने शक्तीबाहेर श्रम केले असता प्रकुपित वायू सिरांच्या जाळ्यास पीडित करतो, संकुचित करतो, शुष्क करतो आणि उंच, गोलसर ग्रंथी निर्माण करतो. वाग्भटाचार्य उत्तरस्थानात याच वर्णनात दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर घालतात. पहिली, हा व्याधी पायी चालणाऱ्या, थकलेल्या माणसास एकाएकी पाण्यात अवगाहन केल्याने होतो. आणि दुसरी, वायू सिरांना ‘वक्र’ करतो. आजच्या रुग्णाची पोटरी पाहून कोणीही हाच शब्द वापरील.

स्रोतोदुष्टीची जी चार लक्षणे विमानस्थानात आली आहेत, त्यांपैकी तीन येथे एकाच पायावर दिसतात. संग म्हणजे रक्त साचणे, सिराग्रंथी म्हणजे गाठी, आणि विमार्गगमन म्हणजे वर जावयाचे रक्त पुन्हा खाली उतरणे. विद्यार्थ्यांना स्रोतोदुष्टी शिकविताना याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

साध्यासाध्यतेचा विचार तर प्रतिबंधाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वेदनायुक्त व चल असा सिराज ग्रंथी कष्टसाध्य, तर वेदनारहित, अचल, मोठा व मर्मस्थानी असलेला वर्ज्य, असा सुश्रुताचार्यांचा निर्णय आहे. वाग्भटाचार्य सहचर तैलाचे पान, उपनाह, बस्ती व सिराव्यध हे उपचार सांगतात, परंतु ते ‘नव’ सिराग्रंथीत. हे एक विशेषण आपण वाचताना सहज ओलांडून जातो. व्याधी जुना झाल्यावर काय, याविषयी आचार्यांनी मोठी आश्वासने दिलेली नाहीत. आपणही देऊ नयेत.

रक्त वर कसे चढते?

सिरांच्या आतील झडपांचे वर्णन पादुआ येथील फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे खरे प्रयोजन मात्र त्याचा शिष्य हार्वे याच्या १६२८ मधील रक्ताभिसरणावरील ग्रंथामुळे स्पष्ट झाले. झडपा रक्त हृदयाकडे जाऊ देतात व मागे फिरू देत नाहीत. परंतु झडप हे केवळ दार आहे, ढकलणारा हात दुसराच आहे. तो म्हणजे पोटरीचे स्नायू. पाऊल उचलले, टाच वर झाली की पोटरी आवळते, खोल सिरा दाबल्या जातात आणि रक्त वर फेकले जाते. स्नायू सैल झाला की पृष्ठभागावरील सिरांतील रक्त आत ओढले जाते.

आकड्यांत पाहिले तर विषय अधिक उलगडतो. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या पावलाजवळील सिरांत सुमारे ८० ते ९० मि.मी. पारा इतका दाब असतो. तोच माणूस दहा-बारा पावले चालला की निरोगी पायात हा दाब ३० च्या आसपास उतरतो. थांबला की पुन्हा चढतो. निरोगी पायात यास वीस सेकंदांहून अधिक काळ लागतो. झडपा बिघडलेल्या पायात मात्र तो भराभर चढतो, आणि चालतानाही पुरेसा उतरत नाही.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, तो रुग्णास समजावून सांगणे अवश्य आहे. ‘मी रोज संध्याकाळी तासभर फिरतो’ असे सांगणारा रुग्ण दिवसाचे आठ तास खिळल्यासारखा उभा असेल, तर त्या एका तासाने आठ तासांची भरपाई होत नाही. दाब उतरल्याचा लाभ थांबल्यानंतर अर्ध्या मिनिटात संपतो. म्हणून हालचाल ही कामाच्या आधी किंवा नंतर करावयाची गोष्ट नसून ती कामातच मिसळली पाहिजे. व्यायाम अर्धशक्ती असावा हे आपले वचन आहे. येथे तो अल्प, पण वारंवार असावा एवढे त्यास जोडून घ्यावे.

सुश्रुतांनी जंघेच्या मध्यभागी, टाचेच्या रेषेत इंद्रबस्ती हे मर्म सांगितले असून तेथील आघाताने रक्तक्षय होऊन मृत्यू ओढवतो असे म्हटले आहे. पोटरीच्या याच भागात स्नायूंच्या आत रक्ताने भरलेल्या मोठ्या सिरा असतात. पोटरीस ‘दुसरे हृदय’ म्हणण्याची पद्धत आज रूढ आहे. दोन्हींचा अर्थ एकच, असा दावा मी करणार नाही. परंतु या जागेवर निष्काळजीपणे हात चालवू नये, याबाबत दोन्ही शास्त्रांचे एकमत दिसते.

कोणास होतो?

आनुवंशिकता, वाढते वय, गर्भधारणा, मेदोवृद्धी आणि दीर्घकाळ उभे राहणे ही प्रमुख कारणे होत. पहिली दोन आपल्या हाती नाहीत. आई-वडिलांचे पाय कसे होते हे विचारल्यावाचून या रुग्णाचा इतिहास पूर्ण होत नाही. ज्याला आपण खवैगुण्य म्हणतो ते येथे बहुधा जन्मतःच सिरांच्या भित्तीत असते. म्हणून दिनचर्येने हा व्याधी हमखास टळतो असे सांगणे अशास्त्रीय ठरेल. लक्षणे कमी ठेवणे, वाढ मंद करणे आणि व्रणापर्यंत जाऊ न देणे इतके मात्र पुष्कळ वेळा साधते.

हा स्त्रियांचाच रोग, ही समजूतही तपासून घ्यावी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरा येथील पाहणीत मुख्य सिरांची विकृती पुरुषांत सुमारे ४० टक्के व स्त्रियांत ३२ टक्के आढळली. आपल्याकडे पुरुष धोतर सोडून पँट घालू लागला आणि त्याच्या पोटऱ्या वैद्याच्या दृष्टीआड झाल्या, एवढेच. डेन्मार्कमधील कामगारांच्या बारा वर्षांच्या पाठपुराव्यात (२००५) बहुतांश वेळ उभ्याने काम करणाऱ्यांना या व्याधीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पावणेदोन पट दिसून आला, आणि तो स्त्री-पुरुष दोघांतही.

उभे राहण्याचे काम करणाऱ्यांसाठी

उभे राहू नका, हा सल्ला निरुपयोगी आहे. पोट उभे राहण्यावर चालते. कसे उभे राहावे ते सांगावे.

यंत्रापुढील किंवा काउंटरमागील माणसाने साधारण दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचलाव्यात व टेकवाव्यात. मधल्या काळात एका पायावरील भार दुसऱ्यावर घेत राहावे. पायाखाली वीतभर उंचीची फळी किंवा आडवी दांडी असल्यास आळीपाळीने एक पाऊल तीवर ठेवावे. जेवणाच्या सुट्टीत भिंतीशी सतरंजी टाकून पाय भिंतीवर टेकवावेत. पावले हृदयापेक्षा वर आली पाहिजेत. नुसते समोरच्या खुर्चीवर ठेवलेले पाय तितकेसे उपयोगी नाहीत. पंधरा मिनिटे पुरतात. ज्यांना हृद्रोगामुळे आडवे पडल्यावर धाप लागते त्यांना हे सांगू नये.

बसावयास जागा मागणे हा हट्ट नव्हे, हेही रुग्णास ठाऊक असावे. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बैठकीची सोय असावी अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात केलेली होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेतही ती आहे. केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी तो मागून घेतला होता. आमच्या औषधविक्रेत्या बंधूंनी आपल्या दुकानात दोन उंच स्टूल ठेवण्यास कायद्याची वाट पाहू नये. गिऱ्हाईक आल्यावर बसून राहिले तर अपमान होतो, ही कल्पना मालकांच्याच डोक्यात असते, गिऱ्हाइकास औषध हवे असते.

भातलावणीचे काम निराळे आहे. चिखलात पाऊल उपसून टाकताना पोटरी राबते, त्यामुळे यंत्रापुढे उभे राहण्यापेक्षा ते बरे म्हणावे लागेल. परंतु कमरेत वाकून, पोट दाबून, थंड पाण्यात सहा-सात तास, आणि तेही इर्जिकीत एकमेकींच्या वेगाने! एक ओळ संपली की बांधावर सरळ उभे राहून दहा-वीस पावले चालावे, एवढे सांगितले तरी बायका करतात. ‘पाच मिनिटे विश्रांती घ्या’ असे म्हटले तर करीत नाहीत, कारण इतरांपुढे ते आळशीपणाचे दिसते. सल्ल्याची भाषा कामाच्या भाषेत बसावी लागते.

थकलेल्या पायांनी एकाएकी थंड पाण्यात उतरू नये हा वाग्भटांचा निर्देश येथे आठवतो. आषाढी वारीच्या आधी देहू-आळंदीच्या वाटेने निघणारे आमच्या भागातील वारकरी विचारतात, “पायाला गाठी आहेत, चालू का?” चालावे असेच मी सांगतो. चालण्याने पोटरी काम करते. धोका आहे तो दर्शनाच्या रांगेत तासन्तास उभे राहण्यात. मुक्कामी पोहोचताच घामाघूम अवस्थेत नदीत उडी न घेता आधी बसून श्रम शमवावेत, हेही सांगतो. अर्वाचीन शास्त्र थंड पाण्यास या व्याधीचे कारण मानीत नाही, उलट थंड पाण्याच्या धारेने जड पायांना आराम पडतो असा अनुभव आहे. तेव्हा निषेध आहे तो श्रांत शरीरावरील आकस्मिक अवगाहनाचा, थंड पाण्याचा सरसकट नव्हे, असा अर्थ मी लावतो. विद्वानांनी याहून सुसंगत अर्थ दाखविल्यास स्वागत आहे. अतिउष्ण पाण्यात पाय बुडवून बसणे व शेगडीने पोटऱ्या शेकणे मात्र टाळावे. उष्णतेने सिरा आणखी शिथिल होतात.

पादाभ्यंग

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाची फलश्रुती सांगताना पायांची रूक्षता, सुप्ती व श्रम नाहीसे होणे आणि गृध्रसी न होणे यांबरोबरच सिरा व स्नायूंचा संकोच न होणे याचाही उल्लेख केला आहे. रोज झोपण्यापूर्वी करावयाचा हा उपक्रम महाराष्ट्रात काशाच्या वाटीमुळे घरोघरी परिचित आहे. तळपायास वाटी खुशाल लावावी. फुगलेल्या सिरांवर मात्र वाटी किंवा अंगठा दाबून फिरवू नये.

दिशेबाबत मतभेद आहे. अभ्यंग अनुलोम करावा, म्हणजे लोमांच्या दिशेने, अर्थात पायावर वरून खाली, असे आपण शिकलो. सिरा फुगलेल्या रुग्णात मी पावलापासून गुडघ्याकडे, तळहाताने, हलका हात फिरवावयास सांगतो, आणि तोही पाय उशीवर उंच ठेवून. एका ज्येष्ठ वैद्यांनी यावर आक्षेप घेतला होता. माझे म्हणणे असे की, ज्या व्याधीत विमार्गगमन हीच विकृती आहे, तेथे योग्य मार्ग दाखविणे हेच अनुलोमन होय. तेल कोणते, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे. तिळाचे तेल पुरते; सहचरादी तेल असल्यास उत्तम. कोणतेही तेल बिघडलेली झडप दुरुस्त करीत नाही, हे विक्रेत्यांनी गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे.

अधारणीय वेग

मलावष्टंभात कुंथण्याने उदरातील दाब वाढतो व तो पायांच्या सिरांपर्यंत पोहोचतो. तंतुरहित आहार व कुंथणे यांचा या व्याधीशी संबंध असावा असे मत डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात मांडले. पुढील पाहण्यांतून ते निर्विवाद सिद्ध झाले नाही. तरी अपानाची गती नीट ठेवणे कोणत्याही दृष्टीने हितकरच. भाकरी, पालेभाजी, सकाळी कोमट पाणी आणि गरज वाटल्यास रात्री त्रिफळा, इतके पुरे.

परंतु मावळातील मजूर स्त्रियांच्या बाबतीत मुळाशी जावे लागते. शेतात, पॉलीहाऊसवर, पुष्कळदा दुकानांतही स्वच्छतागृह नसते. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि वेग आला तरी संध्याकाळपर्यंत रोखून धरतात. नवेगान्धारणीय अध्याय आपण पाठ केलेला असतो. पण वेग धारण करावा लागतो तो का, हे रुग्णेस विचारीत नाही. अशा रुग्णेस ‘भरपूर पाणी प्या’ असे लिहून देणे म्हणजे तिच्या अडचणीकडे पाठ फिरविणे होय. काम करीत असलेल्या जागेपासून जवळ कोणाचे घर आहे, तेथे जाता येईल काय, येथवर बोलणे न्यावे लागते.

वस्त्रे व पादत्राणे यांविषयी फार काथ्याकूट नको. गुडघ्याखाली करकचून बसणारे मोज्याचे इलॅस्टिक टाळावे, उंच टाचा रोजच्या वापरात नसाव्यात, कारण टाच आधीच वर असली की पोटरीस आकुंचनाला वाव राहत नाही. वजन आटोक्यात ठेवावे.

गर्भिणी व सूतिका

गर्भावस्थेत सिरा शिथिल होतात आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब पडतो. डाव्या कुशीवर झोपणे, पाय उंच ठेवणे, चालणे आणि योग्य मापाचे मोजे, इतक्यावर बहुतेकींचे निभावते. प्रसूतीनंतर काही महिन्यांत पुष्कळशा सिरा आपोआप उतरतात, म्हणून या काळात शस्त्रकर्माची घाई करू नये.

सूतिकेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सव्वा महिना बाजेवर झोपून राहणे, खाली शेगडी, वर पांघरूण, पाणी बेताचे आणि रोज मालीशवालीकडून रगडून अंग चोळून घेणे, ही पद्धत अद्याप टिकून आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत खोल सिरांत रक्त गोठण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. काही वर्षांपूर्वी एका सूतिकेस तिच्या सासूबाई घेऊन आल्या. प्रसूतीस बारा दिवस झाले होते. डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, गरम व जड. उजवा पाय साफ. ‘वात भरला’ म्हणून पाच दिवस तो पाय गरम तेलाने रगडला जात होता, आणि अधिक जोरदार तेल द्यावे अशी त्यांची मागणी होती. मी तेल दिले नाही. मालीश थांबविण्यास सांगून त्याच दिवशी कलर डॉप्लर करावयास पाठविले. मांडीतील खोल सिरेत गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर आज ती स्त्री व तिचे मूल यांची हकीकत वेगळी झाली असती. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर ती बरी झाली.

सूतिकेने प्रसूती नैसर्गिक असल्यास त्याच दिवसापासून, व शस्त्रक्रियेने झाली असल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या परवानगीने लवकरात लवकर, घरातल्या घरात चालावे. अभ्यंग हलका असावा. एकाच पायास सूज, पोटरीत दाबल्यावर वेदना, उष्णता, अचानक धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही असल्यास त्या पायास अभ्यंग, स्वेदन, मर्दन वर्ज्य समजावे आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. हा नियम केवळ सूतिकेपुरता नाही.

मोजे व बंधन

आमच्या औषधविक्रेत्यांकडे ताणाचे मोजे डोळे झाकून विकले जातात; ‘मध्यम द्या’ म्हटले की मध्यम. घोटा व पोटरी यांचा घेर सकाळी, सूज येण्यापूर्वी मोजावा व पाकिटावरील तक्त्याशी ताडून पाहावा. मोजे अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत आणि रात्री काढावेत. वरची कड गुंडाळली गेली तर तेथेच काच पडतो. घट्ट मोजा देण्यापूर्वी पावलावरील नाडी हातास लागते किंवा नाही ते वैद्याने पाहिलेच पाहिजे. मधुमेही, धूम्रपान करणारे, चालताना पोटरी आखडून थांबावे लागणारे रुग्ण यांच्या धमन्या अरुंद असू शकतात. घोटा व दंड यांतील रक्तदाबाचे गुणोत्तर ०.८ पेक्षा कमी असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून मोजा देऊ नये. त्याने पाय काळा पडू शकतो.

सुश्रुतांनी बंधाचे गाढ, सम व शिथिल असे भेद करून शाखांसाठी सम बंध सांगितला आहे. घोट्याजवळील व्रणास पट्टी बांधताना ती पावलाच्या बोटांपासून सुरू करून गुडघ्याखाली संपवावी आणि वर जाताना ताण कमी होत जावा. पंचवल्कल क्वाथाने प्रक्षालन व जात्यादी तेल या उपचारांवर माझा विश्वास आहे. परंतु बंधनावाचून केवळ तेलावर असा व्रण भरल्याचे मी पाहिलेले नाही. माझ्या त्या रुग्णेच्या सात महिन्यांपैकी पहिले तीन याच हट्टात गेले.

व्रण झाला की शल्यतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. २००४ मधील एका ब्रिटिश चाचणीत केवळ बंधनावर ठेवलेल्या रुग्णांत वर्षभरात व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण २८ टक्के, तर बंधनास शस्त्रकर्माची जोड दिलेल्यांत १२ टक्के आढळले. २०१८ मधील दुसऱ्या चाचणीत बिघडलेली सिरा आतून लवकर बंद केल्यास व्रण भरण्याचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. आपल्या चिकित्सेस यात कमीपणा नाही. सिराव्यध सांगणारे आचार्य शल्यतंत्राचेच होते.

रक्तस्राव

शेवटी एक सूचना, जी प्रत्येक औषधविक्रेत्याने आपल्या मदतनिसास तोंडपाठ करून द्यावी. घोट्याजवळील पातळ झालेल्या सिरेस न्हाणीघरात दगड घासताना किंवा शेतात काडी लागून छेद जातो आणि रक्ताची चिळकांडी उडते. रुग्ण घाबरून खुर्चीवर बसतो, पाय खाली सोडतो, आणि घरचे लोक मांडीस दोरी आवळतात. या तिन्ही गोष्टींनी रक्तस्राव वाढतो. रुग्णास जमिनीवर निजवावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाची घडी थेट जखमेवर दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी, नंतर घट्ट पट्टी बांधून रुग्णालयात न्यावे. दोरी बांधू नये, हळद किंवा चुना भरू नये. हा मजकूर एका कागदावर लिहून मी माझ्या दवाखान्यात आणि गावातील दोन औषध दुकानांत काउंटरच्या आतील बाजूस चिकटविला आहे. त्याच कागदावर खाली तीन प्रश्न आहेत, ते पायाच्या दुखण्याचे तेल मागणाऱ्या प्रत्येकास विचारावयाचे : किती तास उभे असता? एकच पाय सुजला आहे का? पावलाच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली आहे का? दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर तेलाची बाटली फळीवरच राहते व रुग्ण माझ्याकडे येतो.